दिवेलागणीच्या आत

तिसरीनंतर तीन वर्षं मी शाळेत गेले नाही, असं सांगितलं की लोक आधी माझ्या आईवडिलांची कीव करतात आणि मग माझी. परिस्थिती नव्हती का? आजारी होतात का? काही नाही हो. बाबांनी मला शाळेतून काढलं, एवढंच. काढताना मुख्याध्यापिकाबाईंना त्यांनी सांगितलं, की माझी मुलगी आता फळ्याकडे बघत बसणार नाही, तिला जे बघायचंय ते बघेल. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि दाखल्यावर सही केली. हल्ली याला छान छान नावं आहेत, शिबिरं होतात. दिल्लीत, द्वारकेच्या आमच्या सोसायटीतच एक जोडपं आपल्या मुलांना असं वाढवतंय. ती दोघं कौतुकाने येऊन विचारतात, काकू, त्या काळात तुमच्या वडिलांनी एवढं धाडस केलं कसं? मी त्यांना चहा देते आणि घारींची गोष्ट सांगते. अर्धीच सांगते. उरलेली घराबाहेर कोणाला सांगितलेली नाही, ती इथे सांगते.

तेव्हा आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. क्वार्टर आईच्या नावावर होतं. ती मिनिस्ट्रीत असिस्टंट होती. बाबाही सरकारीच, ड्राफ्ट्समन, नकाशे काढणारे. पण मला शाळेतून काढलं त्याच उन्हाळ्यात त्यांनी नोकरी सोडली. पर्मनंट नोकरी! महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना हळदीकुंकवाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. म्हणे, पोरीला शिकवायला नोकरी सोडली. मुलगा असता तर एक वेळ समजलं असतं. आई त्यांच्यासमोर हसून वेळ मारून न्यायची आणि घरी आल्यावर भांडी आपटायची. बाबा दुपारी घरीच बसून बाहेरचे नकाशे काढून द्यायचे. सकाळ मात्र माझी होती.

बाबांचे नियम पक्के होते. प्रश्न कितीही येडचाप असला तरी मोडायचा नाही. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासून बघायचं. आणि जे सापडेल ते सांगून टाकायचं, मग ऐकणाऱ्याला आवडो न आवडो. यावर आईचं म्हणणं असं, की पोरगी उद्या लोकांना तोंडावर सांगेल की तुमच्या लाडवात गूळ कमी आहे. मी ते सांगितलंही होतं, आणि गूळ खरंच कमी होता.

सकाळी आई बसस्टॉपवर गेली की बाबा स्कूटरला किक मारायचे. मी पुढे, हँडलच्या मागे उभी. मग आदल्या दिवशीचा प्रश्न घेऊन आम्ही निघायचो. रेल्वेचे डबे एकमेकांना कसे जोडतात? झाले यार्डात हजर. यमुनेचं पाणी काळं कुठून होतं? मग काठाकाठाने, नाकाला रुमाल लावून, तो नाला सापडेपर्यंत. डोंबाऱ्याची पोर दोरावर चालते तेव्हा तिच्या डोक्यावरची घागर सरळ का राहते, लोणच्याला बुरशी वरूनच का येते, मुनिरकातल्या म्हशी एकाच रांगेत का चालतात. बाबा स्वतः उत्तर कधी द्यायचे नाहीत. ते विचारायचे, काय दिसतं? मी सांगायचे. अजून काय? मी अजून सांगायचे. मग म्हणायचे, तू नुसतं पाहिलंस, आता बघ. मला त्या काळात जेवढं सुख होतं तेवढं पुढे कशातच मिळालं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यानेही ते खोटं ठरत नाही.

स्कूटरवरही आमचा एक खेळ चालायचा. बाबा विचारायचे, डावीकडे? मी म्हणायचे, सायकलवाला, दुधाचे कॅन. उजवीकडे? बस, मागून येतेय. डावीकडे? कुत्रं, बसलेलं. असं घरापासून मुक्कामापर्यंत अखंड. मान वळवायची नाही, समोर बघत बघत कडेचं सांगायचं, ही त्यातली अट. मला वाटायचं जगात सगळ्याच बापलेकी असं करत असतील. मी मोठी होत गेले, माझं डोकं बाबांच्या हनुवटीला लागायला लागलं. आई म्हणायची, अहो, आता तिला मागे बसवा, समोरचं दिसत कसं तुम्हाला? बाबा म्हणायचे, समोरचं दिसतं मला चांगलं.

ते खरंच होतं. समोरचं त्यांना उत्तम दिसायचं. केसाएवढी रेघ ते हात न थरथरता मारायचे.

आता आमच्या कुळाचाराबद्दल सांगते. बाबांचं घराणं ग्वाल्हेरचं. त्यांच्यात असा नेम होता, की पुरुषांनी चाळिशी गाठली की दिवेलागणीनंतर उंबरा ओलांडायचा नाही. कुलस्वामिनीला कोण्या पूर्वजाने बोललेला नवस, तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्याचा वर्षातून एकदा नैवेद्यही असायचा, पुरणाचा. आई पुण्याची. ती या नेमाची मनसोक्त टिंगल करायची. म्हणायची, दिवे लागायच्या आत घरी या असं सगळीकडे पोरींना सांगतात, ह्यांच्याकडे बाप्यांना सांगतात. बाबाही हसायचे. ते देवाधर्माचे नव्हते, पूजेला बसायचे नाहीत, जानवं केव्हाच खुंटीला टांगलेलं. पण हा एक नेम त्यांनी बिनतक्रार पाळला. संध्याकाळचं लग्न असो की मंडळाचं नाटक, आई एकटी जायची.

सगळ्याला 'का' विचारणारी मी, या नेमाला मात्र का विचारलं नाही. घरातलं होतं ना. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते काही उगीच नाही.

त्यातच माझा घारींचा प्रश्न आला. दिल्लीच्या आभाळात घारी केवढ्या, आजही आहेत. दिवसभर गोल गोल फिरतात. मी विचारलं, या झोपतात कुठे? साधा प्रश्न. बाबा पहिल्यांदाच नजर चुकवून पेन्सिल तासायला लागले. मग म्हणाले, बघू. पुढे महिनोन्‌महिने मी विचारत राहिले आणि ते बघू म्हणत राहिले. प्रश्न मोडायचा नाही हा नियम करणाऱ्या माणसाने माझा प्रश्न माळ्यावर टाकून दिला होता. कारण उघड होतं. घारी झोपायला जातात संध्याकाळी, आणि संध्याकाळी आम्ही घरात.

त्या वर्षी दिवाळीनंतर थोरले काका ग्वाल्हेरहून आले. दिल्लीत कुठल्याशा डॉक्टरला डोळे दाखवायचे होते. मी त्यांना लहानपणी पाहिलं होतं तेव्हा ते चालते-फिरते होते. आता काकांना स्टेशनवरून हाताला धरून आणावं लागलं. घरात ते खुर्चीवर ताठ बसून राहायचे, आणि पाण्याचा पेला अगदी नाकासमोर धरला तरच घ्यायचे. जरा बाजूला ठेवला तर हात हवेत चाचपडायचा. मोतीबिंदू आहे, आई म्हणाली. डॉक्टरकडून परत आल्यावर काकांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी मी जवळ गेले तर काकांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. डोळ्यांच्या कडेने अंगठे फिरवले. आणि बाबांना विचारलं,

"हिला दिसतं ना नीट?"

"दिसतं," बाबा म्हणाले. इतकं तोडून म्हणाले की आईने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून पाहिलं.

काका गेल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही मुनिरका गावातल्या गल्लीतून चाललो होतो. मी एका छपरावरच्या माकडाकडे बघत होते, त्यामुळे खेळात खंड पडला होता. तेवढ्यात धाडकन्‌ आवाज आला आणि मी हँडलवर आपटले. डावीकडून भाजीची हातगाडी येत होती. गुपचूप नव्हती येत, चांगली खडखडत, पालकाच्या जुड्यांचा डोंगर घेऊन. बाबा सरळ तिच्यात शिरले. भाजीवाला खेकसला, "अंधे हो क्या, भाई साहब?" दिल्लीत हे वाक्य उठताबसता ऐकू येतं, त्याचं कोणी मनावर घेत नाही. पण बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मग ते माझ्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. म्हणाले, तू सांगितलं का नाहीस?

माझ्या ओठातून रक्त येत होतं, पण मला रडू आलं ते त्या वाक्याचं. मी का सांगायचं? खेळ होता ना तो? रस्त्यावर पसरलेला पालक आम्ही दोघांनी वेचून दिला. बाबा अगदी त्यांच्या पायाशी पडलेल्या जुड्या सोडून लांबच्या उचलत होते. ते मी बघून ठेवलं.

मग मी तेच केलं, जे मला शिकवलं होतं. मानलं नाही. तपासून बघितलं.

बाबा नकाशा काढत बसले की मी त्यांच्या पाठीमागून स्टीलची ताटली हळूच पुढे आणायचे. आवाज न करता, कानापासून सुरू करून गालाकडे, गालापासून नाकाकडे. ती त्यांना कधी दिसते ते बघायचं. डोळा हलला की दिसली. पहिल्या दिवशी ताटली गाल ओलांडून बरीच पुढे गेली तरी डोळा हलला नाही. मला वाटलं कामात आहेत. मग ते नुसतेच चहा पीत बसले असताना केलं. मग उजवीकडून. मग खिडकीकडे तोंड असताना, भरपूर उजेडात. प्रत्येक वेळी तेच. ताटली जवळजवळ नकाशाच्या कागदावर आली की बाबा दचकायचे आणि म्हणायचे, अरे, तू कुठून आलीस?

नुसतं एका माणसावर करून भागत नाही, हेही मला माहीत होतं. म्हणून आईवर केलं. ती तांदूळ निवडत होती. ताटली तिच्या कानाशी होती तेवढ्यातच ती करवादली, डोळ्यांपुढे काय नाचवतेयस, कामं नाहीत का तुला? मी म्हटलं, नाही. आणि मोरीत जाऊन बसले. मोरीत जाऊन बसायचं कारण तिला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कसं सांगणार? सांगितलं असतं तर आईने त्याच दिवशी स्कूटर बंद केली असती. स्कूटर गेली म्हणजे माझी शाळा गेली. यार्ड, यमुना, म्हशी, सगळं. जुलैमध्ये पुन्हा वेण्या, पुन्हा फळा. आणि नाही सांगितलं तर एक दिवस हातगाडीच्या जागी ट्रक असणार. अकरा वर्षांच्या पोरीने हे असलं ओझं घेऊन झोपायचं कसं, तुम्हीच सांगा. मी तडजोड काढली. खेळ इतका मन लावून खेळायला लागले की डोळ्यांची पापणी लवू द्यायचे नाही. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. बाबांनी विचारायच्या आधीच सांगायचे. बाबा खूष. म्हणाले, तुझी नजर काय तयार झालीय! मला त्यांचा असा राग आला, आणि असा जीव तुटला, की दोन्ही एकदमच.

आणि मग, अगदी थंडीत, बाबा आपणहून म्हणाले, चल, आज तुझ्या घारी बघून येऊ.

मी म्हटलं नको. मला आता नाही बघायच्या घारी. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. तुझाच प्रश्न ना? मी म्हटलं, कंटाळा आला त्याचा. त्यांचा चेहरा असा उतरला, जसं काही मी त्यांना म्हटलंय की मला तुम्ही नकोत. ते म्हणाले, प्रश्नाचा कंटाळा यायला लागला म्हणजे झालंच. मग शाळेतच जावं. आणि जरा थांबून म्हणाले, पुढच्या वर्षी मला जमेल, न जमेल. आजच जाऊ. मी कुळाचाराची आठवण करून दिली. तर हसले आणि म्हणाले, देवीला सांगतो मी. आई ऑफिसात होती. मी स्कूटरवर चढले, कारण मी चढले नसते तर ते एकटे गेले असते.

घारी उतरतात ती हिंदूरावची टेकडी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आम्ही पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. हॉस्पिटलच्या मागे, रिजच्या झाडीशी स्कूटर लावली आणि एका कट्ट्यावर बसलो. आधी एक घार आली, मग चार-पाच. मग आभाळातून त्या नुसत्या उतरायलाच लागल्या. हाक नाही, भांडण नाही, पंखांचा आवाज नाही. कीकरच्या बाभळी वाकायला लागल्या इतक्या बसल्या, आणि सगळ्यांची तोंडं एकीकडे, मावळतीकडे. माझ्या अंगावर काटा आला. दिवसभर ज्यांची भीती म्हणून वाटली नाही त्याच घारी अंधारात अशा ओळीने बसलेल्या बघून मला वाटलं, या कशाची तरी वाट बघतायत.

"सांग," बाबा म्हणाले.

मी सांगितलं. किती आल्या, कशा बसल्या, पंख कसे मिटतात, शेपूट कशी हलते. ते समोर बघत ऐकत होते. अजून? अजून सांगितलं. त्यांनी एकदाही, तू नुसतं पाहिलंस, आता बघ, असं म्हटलं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की समोरचंही त्यांना दिसत नाहीये. अंधार पडला होता.

कडेचं मी तपासलं होतं. अंधाराचं नव्हतं तपासलं. कुळाचार डोळ्यांसमोर असूनही नव्हतं तपासलं.

उतारावरून आम्ही निघालो तेव्हा धुकं खाली येत होतं. रस्त्यावरचे दिवे लांब लांब, आणि मध्ये नुसता काळोख. स्कूटरचा दिवा तो केवढा, ज्योतच म्हणायची. बाबा हळू चालवत होते आणि खेळ बंद होता. डावीकडे-उजवीकडे काही नाही, ते फक्त विचारत होते, रस्ता? मी म्हणत होते, सरळ. रस्ता? जरा डावीकडे घ्या. रस्ता? सरळ. मला माझेच दात वाजताना ऐकू येत होते. त्यात मागून एका ट्रकने हॉर्न दिला आणि बाबांनी घाबरून वेग वाढवला. पुढे काहीतरी होतं. मला ते दिसलं तेव्हा आधी कळलंच नाही, रेघा दिसल्या, हवेत आडव्या. एक ठेला होता, दिवा नसलेला, आणि त्याच्यावरच्या लोखंडी सळया मागे हात-दीड हात बाहेर आलेल्या. माझ्या छातीच्या उंचीवर. मी पुढे उभी होते.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. ब्रेक लागला, स्कूटर तिरकी होऊन घसरली, थांबली. सळयांची टोकं माझ्या स्वेटरपासून एवढीशीच लांब होती, त्यांना बांधलेली लाल चिंधी मला हाताने धरता आली असती. ठेलेवाला थांबलाही नाही. त्याला कळलंच नाही.

मी उतरले. बाबा म्हणाले, बस, बस, काही झालं नाही. मी म्हटलं, नाही बसणार. रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही."

मग मी सगळंच सांगून टाकलं, रडत रडत, पण एकही पायरी न गाळता. ताटली. कानापासून गालापर्यंत. डावीकडून, उजवीकडून, उजेडात, चहा पिताना. मुनिरकातल्या पालकाच्या जुड्या. आणि आत्ताच्या घारी. जे सापडलं ते सांगायचं, आवडो न आवडो, तुम्हीच म्हणालात. बाबांनी स्कूटर स्टँडवर लावली. चाचपडत माझ्यापर्यंत आले आणि माझा खांदा धरला. आणि मग त्यांनी विचारलं, अगदी नेहमीच्या आवाजात, जसं यार्डात नाहीतर यमुनेवर विचारायचे:

"आईवर करून बघितलंस?"

"बघितलं. तिला कानाशीच दिसते."

"बरोबर केलंस." त्यांनी माझा खांदा घट्ट धरला. "आणि स्वतःवर?"

स्वतःवर मी नव्हतं केलं. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबांनी स्कूटर हाताने ढकलायला घेतली आणि मी हँडल धरून त्यांना दिव्याच्या खांबापर्यंत नेलं. तिथे त्यांनी खिशातून नकाशाची पेन्सिल काढली. मला म्हणाले, माझ्या नाकाकडे बघ, मान हलवू नकोस, दिसली की सांग. पेन्सिल माझ्या कानामागून निघाली. मी लगेच म्हटलं, दिसली. दुसऱ्या बाजूने. दिसली. पुन्हा. दिसली, बाबा, दिसली. मग ते खांबाला टेकून मटकन्‌ खाली बसले आणि त्यांनी तोंडावर हात धरला. एवढा मोठा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता. कोणी ओळखीचं बघेल, अशी मला उगाच लाज वाटली.

खरं काय ते त्यांनी मला तिथेच सांगितलं. आजोबांचं हेच झालं, काकांचं हेच झालं. आधी अंधार जातो, मग कडा जातात, मग मधलं. नवस-बिवस काही नाही. कोणाला तरी कबूल करायची लाज वाटली, त्याने देवीचं नाव पुढे केलं, आणि पुढच्यांनी त्याला पुरणाचा नैवेद्य चढवला. ऑफिसातून संध्याकाळी परतताना एकदा ते बससमोर गेले, म्हणून नोकरी सोडली. मी हुंदके देत विचारलं, म्हणजे मला शाळेतून काढलं ते माझ्यासाठी नाही? तुम्हाला डोळे हवे होते म्हणून?

बाबा म्हणाले, "तुझे डोळे किती दिवस राहतील ते मला माहीत नव्हतं. ते फळ्यावर नव्हते घालवायचे."

आणि स्कूटरवरचा खेळ? तो दोघांसाठी होता. त्यांना रस्ता कळायचा आणि रोज हेही कळायचं, की पोरीला कडेचं अजून दिसतंय.

स्कूटर आम्ही एका पेट्रोल पंपावर ठेवली आणि बसने घरी आलो. बाबांचा हात माझ्या हातात होता आणि लोकांना वाटत असणार की त्यांनी माझा धरलाय. आई दारातच उभी होती. बाबांनी तिला स्वतः सांगितलं, उंबऱ्यावर उभं राहूनच. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या शिपायाला पाठवून तिने स्कूटर आणवली, किल्ली तूरडाळीच्या डब्यात तळाशी घातली, आणि जुलैत मला सातवीत बसवलं. मी पहिल्या बाकावर बसून फळ्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, डावीकडे खिडकी, उजवीकडे भिंत. घरी आले की बाबा विचारायचे, काय दिसलं? मग मी वर्गातलं सांगायचे. ते जाईपर्यंत हे चाललं. शेवटी शेवटी त्यांना मधलंही दिसत नव्हतं. पण दर दिवाळीला पेन्सिल तेच धरायचे आणि मीच सांगायचे, की ती कुठे असताना दिसली.

अर्धी गोष्ट घारींपाशी संपते. त्या जोडप्याला मी तेवढीच सांगते, कारण त्यांची मुलं गोड आहेत.

आता मी बाबांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले आहे. संध्याकाळी मी बाहेर पडत नाही. सोसायटीतल्या बायका बोलावतात, मेट्रोने जाऊ, मॉलमध्ये जाऊ. मी म्हणते, नको बाई, दिल्लीचं काही खरं नाही, अंधार पडला की मला घरच बरं. त्यावर सगळ्या माना डोलावतात, बिल्कुल म्हणतात, आपापले किस्से सांगतात. या शहरात बाई अंधाराला भिते म्हटलं की का ते कोणी विचारत नाही. ग्वाल्हेरच्या पूर्वजांना सबबीला देवी लागली, मला तीही लागली नाही.

विचारलं ते माझ्या लेकीने. ती मुनिरकात खोली घेऊन राहते, शिकते, रविवारी घरी येते. गेल्या रविवारी जेवताना तिने माझ्या डाव्या हाताला कोशिंबिरीची वाटी ठेवली आणि मी म्हटलं, कोशिंबीर केली नाहीस का? तिने वाटी उचलून माझ्यासमोर ठेवली. जेवण झाल्यावर तिने आतून पेन्सिल आणली, माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. लहानपणापासून आजोबांचं ऐकत आलेली, तिला शिकवावं लागलं नाही. म्हणाली, समोर बघ आई, दिसली की सांग. मी समोर बघत राहिले. बाल्कनीचं दार, तुळस, पलीकडच्या इमारतीवर बसलेली एक घार. सगळं लख्ख दिसत होतं. मी वाट बघत होते, ही सुरुवात कधी करते.

"आई," ती हळूच म्हणाली, "कधीची तुझ्या गालापाशी धरलीय."

मी उठले. तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि तिला माझ्या खुर्चीत बसवलं.